वर्षभर पगारातून टीडीएसच कापला नाही, आता मार्चच्या तोंडावर काय करायचं?

पगारपत्रक | ८ फेब्रुवारी २०२६

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत एप्रिल २०२५ पासून नोकरी. कपातीआधीचा पगार महिना १,२५,००० (बेसिक ५०,०००, एचआरए २०,०००, बाकी स्पेशल अलाउन्स). पीएफचे १,८०० जातात. स्लिपवर 'टॅक्स' म्हणून दरमहा २०० दिसतात, त्यामुळे टॅक्स जातोय असंच धरलं होतं. आता २६एएस (आपल्या नावे जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा) उघडलं तर पगाराची एकही नोंद नाही. अकाउंट्सचं उत्तर: "आपल्याकडे कुणाचाच कापत नाहीत, ज्याचा त्याने भरायचा."

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला जमा होतो. म्हणजे ३१ मार्चपर्यंत खात्यात अकराच पगार येतील, १३,७५,००० चे. दुसरं उत्पन्न नाही. घरभाडं, एलआयसी, मेडिक्लेम धरून वजावटी साधारण अडीच-तीन लाखांच्या.

एकूण किती भरावं लागेल, दंड किती, आणि कंपनीकडून आत्ता काही करून घेता येईल का?

---

हिशोबनीस | ८ फेब्रुवारी

आधी ते २०० रुपये. तो प्रोफेशन टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. राज्य सरकारचा. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. या महिन्याच्या स्लिपवर ३०० दिसले की खात्री पटेल. आयकराशी त्याचा संबंध नाही, आयकराच्या नव्या पद्धतीत त्याची वजावटही मिळत नाही. स्लिपवर नुसतं 'टॅक्स' छापणाऱ्या सॉफ्टवेअरने पुष्कळांना फसवलंय.

दुसरं, अकरा पगार धरू नका, बारा धरा. पगार देय झाला की करपात्र होतो, खात्यात कधी येतो ते पाहत नाहीत. मार्चचा पगार ३१ मार्चला देय झाला, मग तो ७ एप्रिलला येवो. एप्रिल ते मार्च, १५ लाख.

नवी पद्धत, आर्थिक वर्ष २०२५-२६:

१५,००,००० वजा स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० = १४,२५,०००
४ लाखांपर्यंत शून्य
४ ते ८ लाख, ५ टक्के = २०,०००
८ ते १२ लाख, १० टक्के = ४०,०००
१२ ते १४.२५ लाख, १५ टक्के = ३३,७५०
बेरीज ९३,७५०, त्यावर ४ टक्के सेस ३,७५०
एकूण ९७,५००

'१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही' ही ८७ए ची सूट आहे. पगारदाराला ती कपातीआधीच्या १२.७५ लाखांपर्यंत पुरते. त्याच्या थोडं वर गेलात तर मार्जिनल रिलीफ (मर्यादेवरच्या उत्पन्नापेक्षा कर जास्त होऊ न देणारी सवलत), पण तुम्ही त्या पट्ट्याच्या बरेच पुढे आहात. तुमच्या कंपनीत बाकीच्यांचा पगार याच्या खाली असेल तर 'कुणाचाच कापत नाहीत' हे त्यांच्यापुरतं बरोबरही असेल. तुमच्यापुरतं नाही.

जुनी पद्धत तुम्हाला परवडणार नाही. या पगारावर जुनीचा कर ९३,७५० वर आणायचा, तर ५०,००० च्या स्टँडर्ड डिडक्शनसकट वजावटी ५,९३,७५० च्या लागतात. तुमच्या तीन लाखांत ते बसत नाही.

'दंड' म्हणताय ते खरं तर व्याज आहे. कलम २३४सी (हप्ते चुकल्याचं) आणि २३४बी (३१ मार्चपर्यंत न भरल्याचं), दोन्ही महिना १ टक्का. वर्षाचा देय कर १०,००० किंवा जास्त असेल तर तो ॲडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यांत भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरला एकूण ४५, १५ डिसेंबरला ७५, १५ मार्चला १००. पहिले तीन हप्ते हुकलेच आहेत, प्रत्येकाला तीन महिन्यांचं व्याज (रक्कम खालच्या शंभरात उतरवून):

१४,६०० वर ३ टक्के = ४३८
४३,८०० वर ३ टक्के = १,३१४
७३,१०० वर ३ टक्के = २,१९३

म्हणजे १५ मार्चपर्यंत सगळे ९७,५०० भरले तर व्याज ३,९४५. १६ ते ३१ मार्चमध्ये भरले तर शेवटच्या हप्त्याचे ९७५ वाढून ४,९२०. जुलैअखेर रिटर्नबरोबर भरले तर २३४बी चे एप्रिल ते जुलै असे चार महिने, ३,९०० आणखी, एकूण ८,८२०. ३१ मार्चच्या आत भरलेला पैसा ॲडव्हान्स टॅक्समध्येच मोजतात, म्हणून खरी उडी १ एप्रिलला पडते. महिन्याचा एक दिवस उलटला तरी अख्खा महिना धरतात.

---

सिडकोवाला | ८ फेब्रुवारी

कापायची जबाबदारी कंपनीची. तुम्ही कशाला भरताय? नोटीस आली की कंपनीकडे बोट दाखवायचं. कायद्यातच आहे की कापणाऱ्याला धरतात, नोकरदाराला नाही.

---

हिशोबनीस | ९ फेब्रुवारी

सिडकोवाले, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकात घातल्यात.

कापला पण सरकारजमा केला नाही: स्लिपवर टीडीएस दिसतो, २६एएसमध्ये नाही. इथे कलम २०५ नोकरदाराच्या बाजूने. जेवढा कापला तेवढा त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे, आणि अशी वसुली नोकरदाराकडून करू नका असं सीबीडीटीने, म्हणजे आयकर खात्याच्या वरच्या मंडळाने, १ जून २०१५ च्या पत्रात आणि पुन्हा ११ मार्च २०१६ ला आपल्याच अधिकाऱ्यांना कळवलंय. पुरावा म्हणून स्लिपा आणि त्याच रकमेने कमी जमा झालेलं बँक स्टेटमेंट लागतं.

कापलाच नाही: पूर्ण पगार तुमच्या हातात आला. इथे कलम १९१: मुळात कापला नसेल तर कर भरणं थेट तुमच्याकडे. वरून कलम २०९ मध्ये २०१२ पासून स्पष्ट लिहिलंय की 'कंपनीने कापायला हवा होता' म्हणून तेवढी रक्कम ॲडव्हान्स टॅक्समधून वजा धरता येणार नाही. त्याआधी लोक हाच मुद्दा घेऊन २३४बी चं व्याज वाचवायचे, ती वाट बंद झाली.

कंपनी सुटते असं नाही. पण तिच्यावरची कारवाई तुमचा कर फेडत नाही.

---

चलनवाला | ९ फेब्रुवारी

वरचा हिशोब बरोबर. पण स्वतः भरण्याआधी एक प्रयत्न करा, त्यात व्याजही वाचतं.

कलम १९२(३) प्रमाणे आधीच्या महिन्यांत कमी कापलेला कर उरलेल्या महिन्यांत कापता येतो. उरलेल्या पगारांतून कंपनीने पूर्ण ९७,५०० कापले तर तुमची ॲडव्हान्स टॅक्सची देणी शून्य, म्हणून २३४बी आणि २३४सी दोन्ही शून्य. ३,९४५ वाचले.

तुमच्याकडे अडचण पगाराच्या तारखेची. जानेवारीचा पगार परवाच जमा झाला असेल. फेब्रुवारीचा ७ मार्चला, आणि मार्चचा ७ एप्रिलला. पगाराचा टीडीएस पगार देताना कापतात. एप्रिलमध्ये केलेली कपात चालू वर्षात बसवण्याचा घोळ तुमच्या अकाउंट्सवर सोडू नका, शिवाय १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात कलमं बदललीत, पगाराचं १९२ जाऊन ३९२ आलंय. एकच सुचवणं: फेब्रुवारीच्या पगारातून जमेल तेवढं मोठं कापून घ्या, उरलेलं स्वतः भरा. किंवा मार्चचा पगार ३१ मार्चला द्यायला लावा, तर दोन पगारांत ४८,७५० प्रमाणे बसतं, हातात साधारण ७४ हजार येतील.

अकाउंट्सला तोंडी सांगू नका. ई-मेल करा: वर्षाचा अंदाजित पगार १५ लाख, नवी पद्धत, करपात्र १४,२५,०००, कर ९७,५००, तो उरलेल्या पगारांतून कापावा. सोबत फॉर्म १२बीबी (वजावटींचा कंपनीला द्यायचा तपशील) जोडा. नव्या पद्धतीत त्यात भरण्यासारखं फार नसतं, पण कागद राहतो.

नको म्हणाले तर मालकाच्या नाही, कंपनीच्या सीएच्या कानावर घाला. त्याला तीन आकडे पुरतात. न कापलेल्या करावर कलम २०१(१ए) चं महिना १ टक्का व्याज कंपनीने भरायचं. कलम २७१सी खाली कराएवढा दंड होऊ शकतो. आणि कलम ४०(ए)(आयए) प्रमाणे त्या पगारखर्चाचा ३० टक्के भाग नाकारतात, तुमच्या एकट्याच्या पगारावर साडेचार लाख कंपनीच्या नफ्यात परत मिळवले जातील. हा तिसरा आकडा ऐकला की सहसा टॅन नंबर (टीडीएस कापायला कंपनीला लागतो तो) लगेच सापडतो.

'टॅक्स आम्हीच भरू' असं कंपनी म्हणाली तर हुरळून जाऊ नका. नोकरदाराचा कर कंपनीने स्वतःच्या खिशातून भरला तर तीही रक्कम तुमच्या पगारात धरतात, त्यावर पुन्हा कर.

---

पगारपत्रक | ११ फेब्रुवारी

मेल केला. उत्तर आलं की टॅन आहे, पण "पगाराचा टीडीएस क्लिष्ट आहे, त्यापेक्षा तुम्हाला कन्सल्टंट दाखवू आणि फेब्रुवारीपासून सरळ १० टक्के कापू." हे चालेल का?

---

हिशोबनीस | ११ फेब्रुवारी

अजिबात नको.

ते कलम १९४जे, म्हणजे व्यावसायिक फीवरच्या टीडीएसबद्दल बोलताहेत. दोन महिन्यांचे १० टक्के म्हणजे २५,०००. बाकीचे ७२,५०० तुम्हालाच भरायचेत. शिवाय तेवढी रक्कम 'व्यावसायिक फी' म्हणून एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक नोंदींत) येईल. एकाच वर्षात एकाच कंपनीकडून दहा महिने पगार आणि दोन महिने फी, हे दिसताक्षणी विचारलं जातं. रिटर्न आयटीआर-१ या पगारदाराच्या साध्या फॉर्ममधून निघून ३ किंवा ४ मध्ये जातं, आणि व्यवसायाचं उत्पन्न आलं की जुनी-नवी पद्धत दरवर्षी हवी तशी बदलता येत नाही.

सगळं वर्षच फी दाखवलं तर ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन जातं. त्यावर १५ टक्के आणि सेस, म्हणजे ११,७०० रुपये जास्त. यावर कुणीतरी सांगेल, "मग ४४एडीए घ्या, निम्म्यावरच टॅक्स." ते ठरावीक व्यवसायांसाठी आहे, आणि मुळात व्यवसाय असावा लागतो. तुमच्याकडे नेमणूकपत्र आहे, पीएफ कापला जातो, हजेरी आणि रजा आहेत. तो पगारच. पीएफ कापून माणसाला कन्सल्टंट म्हणणं पीएफ खात्यालाही पटणार नाही.

'क्लिष्ट' काही नाही. मार्च सोडून इतर महिन्यांचा टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. चौथ्या तिमाहीचं २४क्यू (पगाराच्या टीडीएसचं विवरणपत्र) ३१ मेपर्यंत, नोकरदाराला फॉर्म १६ (टीडीएसचा दाखला) १५ जूनपर्यंत. त्यांचा सीए पुरवठादारांचं २६क्यू भरतच असेल, हे त्याचं भावंड.

---

चलनवाला | ११ फेब्रुवारी

म्हणजे स्वतःच भरायची वेळ येणार असं दिसतंय. पायऱ्या लिहून ठेवतो.

आयकर पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'. लॉगिन न करताही पॅन आणि मोबाइलच्या ओटीपीवर जाता येतं. 'इन्कम टॅक्स' ही पहिली चौकट, असेसमेंट इयर २०२६-२७, प्रकार ॲडव्हान्स टॅक्स (१००). टॅक्सच्या रकान्यात ९३,७५०, सेसच्या रकान्यात ३,७५०. सगळं एकाच रकान्यात टाकलं तरी काही बिघडत नाही. व्याजाचे ३,९४५ जुलैत रिटर्नच्या वेळी सेल्फ असेसमेंट (३००) चं वेगळं चलन काढून भरा.

चुका कुठे होतात, तर सगळ्यात जास्त वर्षात. लोक आर्थिक वर्ष डोक्यात ठेवून असेसमेंट इयर २०२५-२६ निवडतात आणि पैसे मागच्या वर्षात जाऊन बसतात. १ एप्रिलनंतर गोंधळ आणखी वाढेल. नव्या कायद्यात 'टॅक्स इयर २०२६-२७' असेल, ते पुढचं वर्ष. तुमच्या या कराला एप्रिलनंतरही जुन्या कायद्याचं 'असेसमेंट इयर २०२६-२७' च निवडायचं. आकडे सारखे, अर्थ वेगळा. चूक झालीच तर पोर्टलवर 'चलन करेक्शन' आहे, पण मुदत मोजक्या दिवसांची, त्याच आठवड्यात करा.

दुसरी चूक तारखेची. या वर्षी १५ मार्चला रविवार आणि १४ तारखेला दुसरा शनिवार. तुमचा पगार एखाद्या सहकारी बँकेत जमा होत असेल तर तिचं नाव पोर्टलच्या नेटबँकिंग यादीत बहुधा नसेल. मग एनईएफटी/आरटीजीएसचा मँडेट फॉर्म काढून बँकेत द्यायचा, किंवा पेमेंट गेटवे. क्रेडिट कार्डाने भरलं तर गेटवेचं शुल्क वेगळं, लाखभर रुपयांवर ते बोचतं. मँडेटने भरणार असाल तर १० तारखेच्या आसपास उरका. शुक्रवारी १३ तारखेला दुपारी बँकेत फॉर्म घेऊन पोचलात तर पैसे कधी पोचतील ते बँकेच्या मर्जीवर.

चलनाची पावती उतरवून ठेवा. तिच्यावर सात आकडी बीएसआर कोड, चलन क्रमांक आणि तारीख असते, रिटर्नमध्ये हेच तीन लागतात. काही दिवसांनी २६एएसमध्ये उतरलंय का ते पाहा.

गडकरी चौकातल्या आयकर ऑफिसात यासाठी खेटा घालायची गरज नाही. तिथे कुणी चलन भरून देत नाही.

---

गोदाकाठ | १२ फेब्रुवारी

थोडं वेगळं, पण इथेच विचारतो. सप्टेंबरअखेर नोकरी बदलली. पहिलीकडे महिना ९०,०००, सहा महिने. दुसरीकडे १,४०,०००, ऑक्टोबर ते मार्च. दोघांनीही शून्य टीडीएस कापला आणि दोघेही म्हणतात आमचं बरोबर. मग चुकलं कोण?

---

हिशोबनीस | १२ फेब्रुवारी

दोघंही आपापल्या जागी बरोबर. पहिल्याने वर्षाचे १०.८ लाख धरले, ८७ए च्या मर्यादेत बसले. दुसऱ्याने आपलेच सहा महिने, ८.४ लाख धरले, तेही बसले. स्टँडर्ड डिडक्शन आणि ८७ए ची सूट दोनदा वापरली गेली.

खरं उत्पन्न ५.४ + ८.४ = १३.८ लाख, वजा ७५,००० = १३,०५,०००. कर २०,००० + ४०,००० + १५,७५० = ७५,७५०, सेस धरून ७८,७८०.

उपाय सोपा आहे: पहिल्या कंपनीचा पगार आणि कापलेला कर (इथे शून्य) फॉर्म १२बी मध्ये भरून दुसऱ्या कंपनीच्या एचआरला आजच द्या. मग त्यांना दोन्ही मिळवून फेब्रुवारी-मार्चमध्ये कापता येईल. हा फॉर्म रुजू होतानाच द्यायचा असतो, तो कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. कर कापायला त्यांनी नकार दिला तर चलनवाल्यांनी सांगितलं तसं स्वतः भरा.

---

पगारपत्रक | २० फेब्रुवारी

सीएशी बोलणं झालं. फेब्रुवारीच्या पगारातून ५०,००० कापतो म्हणाले, मार्चबद्दल 'बघू'. मग मी ४७,५०० भरू का? आणि त्यांनी मार्चमध्येही कापलं तर? शिवाय फॉर्म १६ नाहीच मिळाला तर रिटर्न कसं भरायचं?

---

चलनवाला | २० फेब्रुवारी

५०,००० ची कपात ७ मार्चच्या स्लिपवर दिसू द्या, मग ४७,५०० भरा. तुमच्याकडे आठवडा आहे. व्याजही आता फक्त ४७,५०० वर मोजलं जाईल: ७,१००, २१,३०० आणि ३५,६०० वर ३ टक्के, एकूण १,९२०.

पैसे भरल्याबरोबर चलनाची प्रत सीएला मेल करा आणि 'मार्चमध्ये कापू नये' असं लिहा. तरीही कापलंच तर जास्तीचे रिफंड म्हणून परत येतील, बुडणार नाहीत, पण रिटर्न प्रोसेस होईपर्यंत अडकतील.

५०,००० कापले म्हणजे फॉर्म १६ देणं त्यांना बंधनकारक आहे. १५ जूननंतरही आला नाही तर बारा स्लिपांवरून आयटीआर-१ भरता येतं. नेमणूकपत्रातल्या भत्त्यांप्रमाणे पगाराची फोड करा, एकूण १५,००,००० येतात का ते पाहा. मात्र ५०,००० चा दावा कंपनीच्या टॅनसह टीडीएसच्या तक्त्यात टाकण्याआधी २६एएसमध्ये ते आलेत का पाहा. २४क्यू ३१ मेपर्यंत भरायचं असल्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्याआधी ती नोंद शोधत बसू नका. एफडी आणि बचत खात्याचं व्याज विसरू नका, दर १०,००० मागे १,५६० कर वाढतो.

३१ जुलै ही तुमची शेवटची तारीख. ती हुकली तर ५,००० लेट फी, आणि कर बाकी असेल तर २३४ए चं महिना १ टक्का वेगळं.

---

हिशोबनीस | २० फेब्रुवारी

एकच जोडतो. तुम्ही कर भरून रिटर्न दाखल केलंत की कंपनीचा सीए फॉर्म २६ए देऊन न कापलेल्या रकमेपुरती कंपनीला सोडवू शकतो, मग तिला फक्त व्याज भरावं लागतं. त्यासाठी ते तुमच्याकडे रिटर्नची पावती मागतील. द्या, पण आधी फॉर्म १६ हातात घ्या.